चौथा ठोका

शामसुंदर उमाळकरला कुठल्या कुठल्या आवाजांचा तिटकारा होता, हे सांगायला बसलं तर संध्याकाळ पुरायची नाही. ऑर्केस्ट्रावाल्यांचा ढणढणाट त्याला सोसत नसे. भजनी मंडळाची पेटी ऐकली की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. शेजारच्या क्वार्टरमधले सरदारजी स्कूटरला चार-चार किका मारत आणि प्रत्येक किकेला हा घरात बसून नाक मुरडत असे. आणि सेक्टर दोनच्या मराठी मंडळात गणपतीच्या नाटकाला रामाजी कापगते विंगेत बसून जे काही वाजवायचा, त्याला तर आवाज म्हणायलाच शामसुंदर तयार नव्हता. "भांडी पडतात," एवढंच तो म्हणायचा.

स्वतः शामसुंदर काय वाजवायचा? काहीही नाही. टाउनशिपच्या ऑफिसात क्वार्टर वाटपाच्या टेबलावर तो ज्युनियर ऑफिसर होता. नऊ वर्षं भिलाईत काढली, पण भट्टी त्याने एकदाच पाहिली होती, तीही लांबून, रुमाल नाकाला लावून, नागपूरहून आलेल्या मेव्हण्याला दाखवायची म्हणून. लहानपणी कुणा गाण्याच्या मास्तरांनी "पोराचा कान चांगला आहे" असं म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर गडी पस्तिशीपर्यंत आला होता. गळा नाही, हात नाही, ताल नाही, पण कान आहे. आणि ज्याच्यापाशी नुसता कान असतो तो दुसऱ्यांना नावं ठेवण्यापलीकडे दुसरं काय करणार?

रामाजीपाशी याच्या उलट सगळं होतं. तो भंडाऱ्याकडचा, कापगत्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सोडून पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसवर लागलेला, आता खुर्सीपारच्या कामगार वस्तीत राहणारा. भट्टीपाशी पंचवीस वर्षं काढून एका कानाने अधू झाला होता. पण मंडळाच्या नाटकात आवाज काढायचं काम वीस वर्षं त्याचंच. विंगेत त्याचं एक मोडकं टेबल असे. त्यावर गडगडाटासाठी पत्रा, घोड्यांच्या टापांसाठी करवंट्या, पावसासाठी सुपात वाटाणे, वाऱ्यासाठी चामड्याची पट्टी लावलेलं सायकलचं चाक. आणि बांबूला दोरीने टांगलेला रुळाचा हातभर तुकडा. देवळातली घंटा, राजवाड्यातला टोल, शाळेची सुट्टी, सगळं त्या एका तुकड्यावर भागायचं.

त्या रुळाच्या तुकड्यावरूनच शामसुंदरला रामाजीची टिंगल करायला आयता विषय मिळाला होता. मागच्या वर्षीच्या नाटकात लेखकाने स्पष्ट लिहिलं होतं, देवळात घंटेचे तीन ठोके पडतात. रामाजीने चार दिले. त्याच्या आदल्या वर्षी अशाच जागी दोन दिले होते. तीन म्हणून कधी नाहीच. नाटक झाल्यावर मंडळाची बैठक बसली, तिथे सगळ्यांसमोर शामसुंदर म्हणाला की रामाजींना तीनपर्यंत मोजता येत नाही, त्यात बिचाऱ्या घंटेचा काय दोष. ऑफिसातली मंडळी खो-खो हसली. नरहरी लांजेवार हसला नाही. नरहरी हा फर्नेसवरचा फोरमन, मंडळाचा दिग्दर्शक आणि दरवर्षीचा राक्षस. त्याच्याबरोबर कामावरचे आणखी चौघे-पाचजण होते, तेही हसले नाहीत. भट्टीवाल्यांच्या डोक्यात विनोद शिरायला शिफ्ट बदलावी लागते, असं शामसुंदरने मनातल्या मनात ठरवून टाकलं. रामाजी खाली मान घालून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहिला. चार का दिले, हे कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

शामसुंदरच्या हाती खेळणी लागली ती अशी. कारखान्यावर कामाला आलेली रशियन मंडळी त्यांचा देश फुटल्यावर घराघरातलं सामान विकून परत निघाली, तेव्हा इतर लोकांनी फ्रीज आणले, कॅमेरे आणले. शामसुंदरने भाच्यासाठी एक हातात मावणारा व्हिडिओ गेम आणला. पडद्यावर एक अस्वल टोपली घेऊन उभं. चार कोपऱ्यांत चार कोंबड्या, त्या अंडी घालतात, अस्वलाने ती झेलायची. सुटलं तर अंडं फुटतं आणि खेळणं किंचाळतं. भाचा दोन दिवसांत कंटाळला आणि खेळणं शामसुंदरच्या खणात पडून राहिलं. पुढे मेव्हण्याने सिंगापूरहून एक छोटासा कीबोर्ड आणला. हातभर लांब, दिसायला पोरखेळ. पण त्यात एक करामत होती. बटण दाबून कुठलाही आवाज ऐकवला की तो दीड सेकंद धरून ठेवी आणि मग तोच आवाज हव्या त्या पट्टीवर, बारीक किंवा जाड करून, वाजवून दाखवी. असे चार आवाज मावत. वीज गेली की चारही विसरून जाई.

त्या दिवसापासून शामसुंदरला शिंगं फुटली. टीव्हीला जोडायचा एक बारा वर्षांचा जुना खेळ त्याने ओळखीतून मिळवला. त्यातले रणगाडे फुटताना ढब्ब करत. सुपेल्यातलं व्हिडिओ गेमचं दुकान बंद पडलं होतं, त्याच्या यंत्रातलं सर्किट त्याने खुर्सीपारच्या कबाड्याकडून उचललं. ते जोडल्यावर अंतराळयान सुटायचं. आता प्रश्न असा की खेळण्यातला आवाज बाहेर काढायचा कसा? पुढ्यात माइक धरला तर पंखा येतो, प्रेशर कुकर येतो, सरदारजींची स्कूटर येते. शामसुंदरने अस्वलाची पाठ उघडली. आत पितळेची नाण्याएवढी चकती चिकटवलेली होती. सगळा आवाज तीच काढायची. तिच्या दोन टोकांना त्याने बारीक तारा झाळल्या आणि त्या टेपरेकॉर्डरच्या माइकच्या जागी खुपसल्या. पहिल्या वेळी नुसता फाटका खरखराट आला. मग मधे एक रेझिस्टन्स घातला तेव्हा आवाज माणसात आला. तरी मागे विजेची घूंऽऽ होतीच. ती जाईना म्हणून तो लाइट जाण्याची वाट पाहू लागला. भिलाईत लाइट सहसा जात नसे, याचा राग आलेला तो टाउनशिपमधला एकुलता एक माणूस असेल. शेवटी टेपला सेल घातले, घराचा मेन स्विच पाडला आणि कमलिनीला घामाने निथळत ठेवून त्याने अंडी फोडली.

कमलिनी ही त्याची बायको. अमरावतीची, शाळेत शिकवणारी, नवऱ्याच्या कानाचं कौतुक तेरा वर्षं ऐकून ऐकून बधिर झालेली. अस्वलाचं अंडं एकेचाळिसाव्यांदा फुटलं तेव्हा ती म्हणाली, "माझे दात आंबून राहिले आता. त्या रामाजीचं चाक काय वाईट होतं?" शामसुंदरने तिच्याकडे दयेने पाहिलं. चाक! पद्मनाभपूरचा तो ऑर्केस्ट्रावाला चाळीस किलोचा कीबोर्ड घेऊन फिरतो, पण कंपनीने भरून दिलेला ढोल बडवण्यापलीकडे त्याची मजल नाही. इथे आपण आवाज खणून काढतो आहोत. हे या लोखंडाच्या गावात कुणाला सांगायचं?

काम मात्र त्याने जीव लावून केलं, हे मान्य करायला हवं. प्रत्येक आवाज कॅसेटवर पन्नास-पन्नास वेळा घ्यायचा, कानाला हेडफोन लावून त्यातला एक निवडायचा, तो कीबोर्डात भरायचा, आणि दीड सेकंदात त्याचं शेपूट तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. अस्वलाच्या किंचाळीचा शोध तर त्याला अपघातानेच लागला. मूळ पट्टीत ती चिमणीसारखी होती. पण सहा पट्ट्या खाली आणून शेजारच्या दोन कळा आलटून पालटून दाबल्या की तिचं रूपच पालटे. ऊंऽऽ-आंऽऽ, ऊंऽऽ-आंऽऽ. शामसुंदरच्या अंगावर काटा आला. असा आवाज या पृथ्वीवर कुणी ऐकला नसेल, अशी त्याची खात्री पटली.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, मंडळाने पौराणिक नाटक घेतलं होतं. त्यात मायासुर आकाशातून रथ घेऊन उतरतो. बैठकीत शामसुंदर कीबोर्ड घेऊनच गेला. फक्त यान सुटल्याचा आवाज ऐकवला आणि कीबोर्ड पुन्हा पिशवीत घातला. ऑफिसवाल्यांनी तोंडात बोटं घातली. ठरलं असं, की यंदा आवाज उमाळकरसाहेब देतील. जमलं तर पुढच्या वर्षापासून ते काम कायमचं त्यांचंच, आणि रामाजीचं टेबल अडगळीच्या खोलीत जाईल. पत्रिकेत आजवर आवाज देणाऱ्याचं नाव कधी छापलं नव्हतं. शामसुंदरने ते छापायला लावलं. 'ध्वनी: शामसुंदर उमाळकर.' वीस वर्षं ती जागा ज्याची होती तो रामाजी कोपऱ्यात बसला होता. कोणीतरी त्याला विचारलं. "करू द्या ना बाबूले," एवढंच तो म्हणाला. पण उठताना टेबलावरच्या पत्रिकेचा नमुना त्याने उचलून, डोळ्यांजवळ नेऊन, दोनदा वाचला.

नाटकाच्या चार दिवस आधी रामाजी सायकल मारत सेक्टर दोनला शामसुंदरच्या क्वार्टरवर आला. चहाला नको म्हणाला. पायरीवरच बसला.

"बाबू, येक काम होतं. तुमचे सारे आवाज येक डाव मांडवात आयकवून द्या. आमच्यात असंच असते. नाटकाच्या पयले रिकाम्या मांडवात मी सारं वाजवून दाखवतो. कामावरले चार जन बसून आयकतात. कोनाले काही लागलं तर सांगतात."

"लागलं म्हणजे?"

"आवाज हाये, बाबू. लागते कोनाले बी."

शामसुंदरला हसू आवरेना. करवंट्या वाजवायच्या आणि त्याची परीक्षा घ्यायला भट्टीवरचे चार पंडित बसवायचे! त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की लोकांनी आधीच ऐकलं तर त्यांना धक्का कसा बसणार, आणि धक्का बसणं हेच तर या सगळ्याचं मर्म आहे. आतून कमलिनी म्हणाली, "ऐकवून द्या ना, काय बिघडते?" तिला त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. रामाजीने मान हलवली. मग नाटकाच्या दिवशी मी कुठं बसू, असं त्याने विचारलं. बसूच नका, असं शामसुंदरच्या ओठांवर आलं होतं. पण नरहरीने बजावून ठेवलं होतं की रामाजी विंगेतच असेल. तेव्हा शामसुंदरने त्याला काम दिलं. विंगेच्या टोकाला विजेचा बोर्ड असेल, तिथे बसायचं आणि वायरवर कोणी पाय देणार नाही एवढं पाहायचं.

"म्हंजे आपन जोडीदार झालो," रामाजी उठत म्हणाला.

भट्टीवरची ही एक रीत होती. विषारी गॅसच्या भागात एकट्याने जायचं नाही. दोघांनी जायचं, दोघांनीच यायचं, आणि जोडीदार दिसत नसेल तर बाहेर पडायचं नाही. शामसुंदरला ही रीत माहीत असण्याचं कारणच नव्हतं. वायर राखणारा माणूस आपल्याला जोडीदार म्हणतो, याचाच त्याला राग आला. साधा लाइनमन तरी साहेब म्हणतो.

रविवारी संध्याकाळी पाचला नाटक उभं राहिलं. मांडवाच्या चारी खांबांवर भोंगे बांधलेले. पुढे ऑफिसरांच्या खुर्च्या, मागे सतरंज्यांवर खुर्सीपारची मंडळी, बायापोरांसकट सहाशे माणूस. मांडवाच्या तोंडाशी प्यायच्या पाण्याचा ड्रम आणि वरच्या बांबूवर मंडळाचा झेंडा. शामसुंदरच्या पुढ्यात कीबोर्ड, कानांवर हेडफोन, अंगात सिल्कचा कुर्ता. रामाजीचं सामान त्याने आधीच एका पोत्यात भरून स्टेजच्या मागे ढकलून दिलं होतं. रामाजी पंचा खांद्यावर टाकून बोर्डापाशी उकिडवा बसला होता आणि खरोखरच वायरकडे पाहत होता.

पहिला अंक नुसता गाजला. रणगाड्याच्या ढब्बने पर्वत कोसळला तेव्हा पोरं टाळ्या पिटत उभी राहिली. यान सुटल्याच्या आवाजात बाण गेला तेव्हा पुढच्या खुर्च्यांतून 'वा' आला. शामसुंदरला आकाश ठेंगणं झालं. मध्यंतरात मंडळाचे अध्यक्ष विंगेत येऊन त्याची पाठ थोपटून गेले आणि जाताना म्हणाले की आता ते टेबल काढूनच टाकू. हे रामाजीच्या चांगल्या कानाच्या बाजूने बोललं गेलं. शामसुंदरने ते पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं.

दुसरा अंक सुरू झाला. ज्यासाठी तीन महिने अंडी फोडली ती जागा आली. नरहरी लांजेवार मुकुट, मिशा आणि पुठ्ठ्याची गदा घेऊन समोरच्या विंगेतून गडगडाटी हसत निघाला. शामसुंदरने भोंग्यांचा आवाज पूर्ण वर नेला आणि त्या दोन कळा आलटून पालटून दाबल्या.

ऊंऽऽ-आंऽऽ. ऊंऽऽ-आंऽऽ.

मायासुराचं हसू अर्ध्यात थांबलं. एक पाय पुढे, गदा वर, आणि तोंड उघडं. मग त्याने प्रेक्षकांकडे पाहिलंच नाही. त्याने मान वर करून मांडवावरच्या झेंड्याकडे पाहिलं. वारा कुठून कुठे जातो आहे ते पाहिलं. गदा हळूच खाली ठेवली, मुकुट काढला आणि स्टेजवरून उतरला.

शामसुंदर मनात चरफडला. दर वर्षी राक्षस होणारा माणूस एका आवाजाने वाक्य विसरतो! तो कळा दाबतच राहिला.

पण नरहरी एकटा नव्हता. मागच्या सतरंज्यांवरची माणसं उठली होती. कोणी ओरडलं नाही. कोणी पळालं नाही. सगळ्यांनी आधी झेंडा पाहिला, मग पोरं उचलली, आणि ओळीने मांडवाच्या डाव्या अंगाला, वाऱ्याला आडवे चालू लागले. ड्रमपाशी एकेक जण थांबे, रुमाल, पदर, टॉवेल पाण्यात बुडवी आणि पोरांच्या नाकातोंडावर धरी. ओल्या फडक्याने गॅस अडत नाही, हे भट्टीवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण हाताला काम असलं की माणूस धावत सुटत नाही, हेही त्यांना ठाऊक असतं. दर महिन्याला तालीम होई त्यांची. भोपाळनंतर ती जास्तच कडक झाली होती, आणि बायकापोरांना घरी शिकवून ठेवलेलं होतं. रामाजीची बायको सिंधुताई दोन म्हाताऱ्यांना हाताला धरून शांतपणे चालवत नेत होती. सगळ्यात उशिरा उमगलं ते पुढच्या खुर्च्यांना. ते उठले ते धावतच, आणि खुर्च्या पाडत, एकमेकांच्या धोतरावर पाय देत निघाले. सतरंजीवाल्यांनी त्यांना दंडाला धरून चालायला लावलं. त्यांच्यात कमलिनीही होती. तिने दोनदा वळून विंगेकडे पाहिलं, हाक मारल्यासारखं तोंड हलवलं, आणि गर्दीने तिला पुढे नेलं.

शामसुंदरला काही ऐकू आलं नाही. कानांवर हेडफोन होते आणि हेडफोनमध्ये त्याचं अस्वल. त्याला एवढंच दिसत होतं की या गावंढळांनी त्याच्या तीन महिन्यांच्या कामाकडे पाठ फिरवली आहे, आणि बायकोही त्यांना सामील आहे. अपमानाने त्याचे कान तापले. ऐकायची लायकी नाही यांची! त्याने दात ओठ खाऊन कळा आणखी जोराने दाबल्या. तो दाबत राहिला आणि लोक आणखी झपझप चालत राहिले. चार मिनिटांत मांडव रिकामा झाला. सतरंज्यांवर चपला, एक दुधाची बाटली आणि फुटाण्यांचे पुडे पडले होते. बोर्डापाशीही कोणी नव्हतं. वायर राखणाराही गेला, हे पाहून तो एकटाच कडवट हसला.

तेवढ्यात कोणीतरी मागून त्याच्या दंडाला धरलं. रामाजी होता. तोंडाभोवती ओला पंचा गुंडाळलेला, डोळे लाल, छाती धापा टाकणारी. त्याने एका हाताने शामसुंदरचे हेडफोन काढले आणि दुसऱ्या हाताने आणलेलं ओलं फडकं त्याच्या नाकावर दाबलं.

"चला बाबू. धावू नका. चाला."

"अहो, सोडा! काय चाललंय?"

रामाजीने ऐकलं नाही. साठीला आलेल्या माणसाच्या मानाने त्याच्या हातात भलताच जोर होता. त्याने शामसुंदरला खुर्चीतून उचललंच. बोटं कळांवरून सुटली. आवाज बंद पडला.

रामाजी थांबला. त्याने भोंग्यांकडे पाहिलं. मग कीबोर्डाकडे. मग वाकून, आपल्या जाड बोटाने, त्याने ती कळ दाबली. भोंगे ऊंऽऽ करून उठले. बोट काढलं. थांबले. त्याने हळूहळू तोंडावरचा पंचा सोडला.

"हा गॅसचा भोंगा हाये, बाबू. फर्नेसवरला. कुठून काढला हा?"

"खेळण्यातून," शामसुंदर म्हणाला.

"कोनत्या?"

"एक अस्वल आहे. अंडी झेलतं. अंडं फुटलं की हा वाजतो."

तीन महिने हे वाक्य त्याने मनात कितीदा अभिमानाने घोळवलं होतं. रिकाम्या मांडवात मोठ्याने म्हटल्यावर ते कसं लागतं, ते त्याला आता कळलं. रामाजी हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. "अंडं," एवढंच म्हणाला.

मग शामसुंदरला दुसरी गोष्ट कळली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. हा माणूस गॅस सुटला असं समजून बाहेर गेला होता. आणि गॅस सुटला असं समजूनच परत आत आला होता.

"तुम्ही परत कशाला आलात?" त्याने विचारलं.

"मी तुमाले चला म्हटलं आन् निंगालो. वाटलं तुमी मांगं हाय. फाटकापाशी पायलं तं नव्हते." रामाजी पंचा पिळत म्हणाला. "जोडीदार होते ना तुमी. सोडून कसा जाऊ?"

शामसुंदरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला त्याने वायर राखायला बसवलं, ज्याचं आयुष्यभराचं सामान पोत्यात कोंबलं, त्याने हा हिशेब मनात धरलाच नव्हता. किंवा धरूनही आला होता. यातलं काय जास्त लाजिरवाणं, हे त्याला ठरवता येईना.

रामाजी मात्र कामाला लागला होता. बाहेर रस्त्यापलीकडच्या मैदानात सहाशे माणसं उभी आहेत, कोणी जवळच्या चौकीवर फोन करायला धावला असेल, आधी त्यांना परत बोलवायला हवं, असं तो म्हणाला. शामसुंदर घाईने माइककडे वळला. रामाजीने त्याला थांबवलं. भोंग्यावरून कोणी कितीही सांगितलं तरी कामावरची माणसं येणार नाहीत. गॅस ओसरला, परत या, याची त्यांना एकच खूण ठाऊक आहे.

त्याने स्टेजमागून पोतं ओढून आणलं. करवंट्या बाजूला केल्या, चाक बाजूला केलं आणि तळातून रुळाचा तुकडा काढला. टांगायला बांबू नव्हता. शामसुंदरने सकाळीच तो काढून टाकला होता.

"दोरी धरा, बाबू. दोन्ही हातानं. आंगापासून दूर."

शामसुंदर मांडवाच्या तोंडाशी दोरी धरून उभा राहिला. तुकडा जड होता. सिल्कच्या कुर्त्यावर गंजाचे तांबडे पट्टे उमटले. समोर मैदानात ओली फडकी तोंडावर धरलेली माणसं याच बाजूला पाहत होती, आणि सगळ्यांत पुढे मिशा लावलेला, मुकुट नसलेला मायासुर. रामाजीने लोखंडी सळई उचलली आणि मारली. ठोका शामसुंदरच्या मनगटातून खांद्यात आणि खांद्यातून दातांत गेला. रामाजी थांबला. आवाज पूर्ण विरू दिला. दुसरा मारला. पुन्हा थांबला. तिसरा मारला.

शामसुंदर चौथ्याची वाट पाहत राहिला. चौथा आला नाही.

मैदानात नरहरीने तोंडावरचं फडकं खाली घेतलं. त्याच्यामागे एकेक करून सगळ्यांनी घेतलं. कोणीतरी पोराला खांद्यावरून खाली ठेवलं. माणसं परत चालू लागली, गेली तशीच, न धावता.

"आपल्या नाटकात तीन कधीच देत नाही मी," रामाजी सळई टेकवत म्हणाला. त्याची नजर येणाऱ्या माणसांवर होती. "मोजून घ्या, बाबू. आज तीनच हायेत."

शामसुंदरने मान खाली घातली. दोरी सोडून द्यावी असं त्याला फार वाटलं. पण रामाजीने अजून सोडा म्हटलं नव्हतं.